भाजीचे पैसे कार्डातच हवेत

अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात २००९ साली पाच शेतकरी बाजारांमध्ये एक साधी योजना सुरू झाली. सरकारी अन्नसाहाय्यावर घर चालवणाऱ्या कुटुंबाने बाजारात येऊन आपल्या कार्डातले दहा डॉलर खर्च केले, की त्याला राज्यात पिकलेली फळे आणि भाज्या घ्यायला आणखी दहा डॉलर मिळत. ‘डबल अप फूड बक्स’ हे तिचे नाव, आणि ‘फेअर फूड नेटवर्क’ ही ती चालवणारी संस्था. गिऱ्हाइकाची पिशवी भरायची आणि शेतकऱ्याचा गल्लाही. पुढे हीच कल्पना थोड्याफार फरकाने इतर राज्यांत गेली. २०१४च्या शेती कायद्यात केंद्र सरकारने अशा योजनांसाठी पाच वर्षांत १० कोटी डॉलरची तरतूद केली आणि २०१८च्या कायद्यात ती २५ कोटींवर नेली.

माझे म्हणणे असे आहे की जी गोष्ट इतकी चांगली ठरली, ती अजून ‘योजना’ म्हणून उरावी हेच चूक आहे. एखाद्या संस्थेने या निधीसाठी अर्ज लिहिला, तो मंजूर झाला, स्थानिक देणगीदार मिळाला, तर या गावातल्या आईला मुलांसाठी ताजी फळे अर्ध्या किमतीत मिळणार. शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, अर्ज करणारे कुणी नव्हते म्हणून तिथल्या आईला नाही. भुकेच्या प्रश्नाला असे नशिबावर सोडता येत नाही. फळा-भाज्यांसाठीचे हे जादा पैसे अन्नसाहाय्याच्या मूळ हक्कातच आले पाहिजेत: देशभर, बारा महिने आणि त्याच कार्डात.

या हक्काचे नाव स्नॅप. रेशनकार्डावर धान्य मिळते, स्नॅपच्या कार्डावर दर महिन्याला पैसे जमा होतात, आणि त्यातून दारू, तंबाखू, औषधे, गरम तयार जेवण असे काही अपवाद सोडले तर दुकानातले बहुतेक सगळे खाणे विकत घेता येते. २०२४च्या आर्थिक वर्षात महिन्याला सरासरी चार कोटी सतरा लाख लोक स्नॅपवर होते. दर आठ अमेरिकनांमागे एक. माणशी मदत महिन्याला सरासरी १८७ डॉलर, म्हणजे दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. यात तिन्ही वेळचे खाणे बसवायचे.

ज्यांच्या हातात पैसा खेळता आहे त्यांना या सहा डॉलरांमागचे गणित चटकन कळत नाही. गरीब माणूस भाजी खात नाही तो अडाणी आहे म्हणून, असे बोलणारे लोक सगळीकडे भेटतात. प्रत्यक्षात त्याचा हिशेब आपल्यापेक्षा जास्त काटेकोर असतो. पास्त्याचे पाकीट सहा महिने टिकते, पोट नक्की भरते, आणि मुले ते खाणार हे ठाऊक असते. पालक दोन दिवसांत कोमेजतो. स्ट्रॉबेरीचा डबा घरी आणला आणि धाकट्याने एक तोंडात घालून बाकीच्या नाकारल्या, तर त्या रात्री त्याला दुसरे काय द्यायचे? मुलांना नवी चव आवडायला ती पुन्हा पुन्हा पानात वाढावी लागते, हे प्रत्येक आईबापाला माहीत असते. पण आठ-दहा वेळा भाजी वाया घालवण्याची ऐपत असेल त्यालाच हा धीर धरता येतो. चव लागण्याआधीची सगळी नासाडी सोसायला पैसे लागतात, आणि ते पैसे दिवसाच्या सहा डॉलरांत नसतात.

दुप्पट पैसे देण्याचे खरे मोल इथे आहे. त्याने भाजी स्वस्त होते हे तर झालेच, पण मुख्य म्हणजे चूक स्वस्त होते. कधी न घेतलेला बीट घेऊन पाहता येतो. एक डबा फुकट गेला तरी महिन्याचा हिशेब कोलमडत नाही. आरोग्यशिक्षणाची कितीही पत्रके वाटली तरी हा मोकळेपणा त्यातून येणार नाही.

यावर चांगला पुरावा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एक शिस्तशीर प्रयोग केला. स्नॅपवरची साडेसात हजार कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि ठरावीक फळे-भाज्यांवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे त्यांच्या कार्डात ३० सेंट परत जमा केले. बाकीच्या कुटुंबांशी तुलना केली तेव्हा या घरांतली माणसे फळे-भाज्या २६ टक्के अधिक खाताना आढळली. दिवसाला साधारण पाव कप. दिसायला ही वाढ लहान आहे, पण ती घडवायला व्याख्याने लागली नाहीत, बंदी लागली नाही, कुणाला शरमिंदे करावे लागले नाही. आणि दुप्पट तर सोडाच, दिले होते फक्त तीस टक्के.

जादा पैसे देण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत अन्नसाहाय्याचे पहिले तिकीट मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात निघाले, आणि ते दोन रंगांचे होते. कुटुंबाने आपल्या नेहमीच्या खर्चाइतकी नारिंगी तिकिटे विकत घ्यायची. दर एक डॉलरच्या नारिंगी तिकिटांवर पन्नास सेंटची निळी तिकिटे फुकट. निळ्या तिकिटांवर घ्यायचा तो शेतकऱ्याकडे पडून राहिलेला माल. महामंदीचा तो काळ. एकीकडे शेतमाल सडत होता, दुसरीकडे शहरात लोक उपाशी होते, आणि या दोघांना जोडायचे म्हणून ही रचना झाली. १९४३ मध्ये ती बंद पडली. १९६१ मध्ये केनेडींच्या काळात तिकिटे पुन्हा आली आणि १९६४ मध्ये त्यांचा कायदाही झाला, पण निळे तिकीट परत आले नाही. शेतकरी आणि भुकेला यांना बांधणारा धागा तिथे तुटला. पुढच्या दशकांत अन्नसाहाय्य वाढले, मात्र तो पैसा बहुतांशी मोठ्या दुकानांकडे वळला.

धागा पुन्हा जोडणाऱ्यांत गस शूमाकर यांचे नाव आधी घ्यावे लागेल. १९८० साली ते बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात आपल्या भावाच्या शेतातली फळे विकत होते. आवराआवर करताना पेअरची पेटी फुटली आणि फळे रस्त्याकडेला गटारापर्यंत घरंगळली. एक बाई मुलांना घेऊन ती वेचू लागली. विचारल्यावर तिने सांगितले की आपण फूड स्टॅम्पवर, म्हणजे अन्नसाहाय्याच्या तिकिटांवर आहोत, ताजी फळे परवडत नाहीत. पुढे शूमाकर मॅसॅच्युसेट्सचे कृषी आयुक्त झाले तेव्हा त्यांनी गरीब मातांना शेतकरी बाजारात चालतील अशी कुपने द्यायला सुरुवात केली. त्यातूनच १९९२ मध्ये गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुले यांच्यासाठीचा बाजार-कुपनांचा देशव्यापी कार्यक्रम उभा राहिला. २००७ मध्ये मिशेल निशान या शेफबरोबर त्यांनी ‘होलसम वेव्ह’ ही संस्था काढली आणि दुप्पट पैशांच्या कल्पनेला देशभर नेले. २०१८च्या कायद्यातल्या तरतुदीला त्यांचेच नाव आहे. ती मंजूर झाली तेव्हा ते हयात नव्हते.

दरम्यान बाजारासमोर एक वेगळीच अडचण उभी राहिली होती. कागदी तिकिटे होती तोवर शेतकरी ती हातात घेऊन खिशात टाकत असे. नव्वदच्या दशकात तिकिटांच्या जागी कार्ड येऊ लागले आणि २००४ पर्यंत ते देशभर पोचले. कार्डाने तिकिटांचा काळाबाजार आटोक्यात आणला, दुकानाच्या रांगेत वेगळी तिकिटे काढून दाखवण्याची शरमही कमी केली. हे मोठे काम होते. पण वाहनतळावर किंवा उघड्या मैदानात आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजारात ना वीज, ना टेलिफोनची तार. कार्ड चालवायचे कसे? १९९४ साली देशात १,७५५ शेतकरी बाजार होते, २०१४ पर्यंत ते ८,२६८ झाले. याच काळात बाजार वाढत होते आणि गरीब गिऱ्हाईक मात्र त्यांतून बाहेर फेकले जात होते.

तोडगा निघाला तो टोकनचा. बाजारात एका टेबलावर कार्डाचे यंत्र ठेवायचे, गिऱ्हाइकाने तिथे कार्ड द्यायचे, बदल्यात लाकडी टोकन घ्यायचे आणि ते घेऊन गाळ्यागाळ्यांवर फिरायचे. संध्याकाळी बाजाराच्या व्यवस्थापकाने प्रत्येक शेतकऱ्याची टोकन मोजून त्याचा हिशेब चुकता करायचा. हजारो बाजारांमध्ये हे काम करणाऱ्या माणसांनी, अनेकदा बिनपगारी स्वयंसेवकांनी, अपार कष्ट घेतले आहेत आणि त्यांच्याविना ही चळवळ उभीच राहिली नसती. पण टोकनची पद्धत ही अडचणीतून काढलेली वाट आहे, तिला कायमचा रस्ता समजू नये. स्नॅपच्या टोकनवर सुटे पैसे परत मिळत नाहीत. जादा पैशांचे टोकन वेगळ्या रंगाचे, ते फक्त फळा-भाज्यांना चालते. गिऱ्हाइकाला आधी वेगळ्या टेबलापाशी उभे राहावे लागते, म्हणजे कोण मदतीवर आहे ते आख्ख्या बाजाराला दिसते. ज्या शरमेतून कार्डाने सुटका केली ती टोकनने परत आणली.

ही व्यवस्था किती तकलादू आहे ते २०१८च्या उन्हाळ्यात कळले. शेतकरी बाजारांत स्नॅपचे व्यवहार करणारे एक ॲप चालवणाऱ्या छोट्या कंपनीने सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि देशातल्या सुमारे १,७०० बाजारांवर ऐन हंगामात कार्ड घेणेच थांबण्याची वेळ आली. मोठ्या सुपरमार्केटच्या बाबतीत सरकारने अशी पाळी येऊ दिली असती का? शेतकऱ्याच्या गाळ्यावर कार्ड चालणे ही पाण्याच्या नळासारखी सार्वजनिक सोय मानली पाहिजे. यंत्र, जोडणी आणि व्यवस्थापकाचा पगार हा खर्च देणग्यांतून निघावा अशी अपेक्षा ठेवणे गैर आहे.

मॅसॅच्युसेट्सने २०१७ मध्ये जे केले ते मला सर्वांत योग्य वाटते. तिथे टोकन नाही, कुपन नाही. स्नॅपचे कार्ड घेऊन सहभागी शेतकऱ्याकडून भाजी घेतली की तेवढेच पैसे लगेच त्याच कार्डात परत येतात. कुटुंबाच्या आकाराप्रमाणे महिन्याला ४०, ६० किंवा ८० डॉलरपर्यंत. मग झाले काय? लोकांनी ही योजना इतकी वापरली की वर्षभरातच पैसे संपले आणि एप्रिल २०१८ मध्ये योजना काही काळ थांबवावी लागली. त्यानंतरही दरवर्षी राज्याच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी झगडावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये मर्यादा सगळ्या कुटुंबांसाठी सरसकट २० डॉलरवर आणली गेली. म्हणजे योजना फसली म्हणून तिला कात्री लागली नाही, ती यशस्वी झाली म्हणून लागली. यात शेतकऱ्याचेही नुकसान आहे, आणि ते फारसे बोलले जात नाही. दुप्पट पैशांचे गिऱ्हाईक येणार या भरवशावर त्याने वसंतात जास्त वाफे लावलेले असतात. कोबी लावून झाल्यावर जुलैत योजना थांबली, तर तो कोबी कुणाला विकायचा?

मूळ मदतीतच धरलेला पैसा कसा टिकतो ते पाहायचे तर त्याच देशातला माता-बालकांचा विक हा कार्यक्रम पाहावा. त्यात २००९ पासून फळा-भाज्यांसाठी ठरावीक रक्कम शिधेचा भाग म्हणूनच दिली जाते. मुलामागे महिन्याला नऊ डॉलर इतकी ती तुटपुंजी होती. २०२१ मध्ये महासाथीच्या काळात वाढवली, आणि २०२४च्या नियमाने ती वाढ कायम झाली. मुलाला २६ डॉलर, गरोदर आईला ४७, अंगावर पाजणाऱ्या आईला ५२, आणि महागाईप्रमाणे ही रक्कम वाढत जाणार. यासाठी कुठल्याही संस्थेला अर्ज करावा लागला नाही. मूल पात्र आहे, एवढ्यावर ते पैसे मिळतात. विकमधल्या मुलाला जे मिळते ते स्नॅपवरच्या सहा वर्षांच्या मुलाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही. पाचव्या वाढदिवसानंतर मुलाला विक मिळत नाही. त्याच्या वाढत्या शरीराची गरज मात्र त्या दिवशी संपत नाही.

विरोधातले सर्वांत वजनदार म्हणणे असे की शेतकरी बाजार हा मुळात सुखवस्तू लोकांचा. स्नॅपच्या एकूण खर्चातला एक टक्काही तिथे होत नाही. मग पैसे सुपरमार्केटमध्येच का देऊ नयेत? यातला अर्धा भाग मला पटतो. जादा पैसे सुपरमार्केटमध्येही चालले पाहिजेत. हॅम्पडेनमधली बहुतेक खरेदी मोठ्या दुकानांतच झाली होती. ज्याची कामाची पाळी शनिवारी सकाळी असते त्याला शनिवार सकाळचा बाजार काय कामाचा? पण म्हणून बाजार सोडून द्यावा हे मान्य नाही. अमेरिकेत गिऱ्हाइकाने अन्नावर खर्च केलेल्या डॉलरपैकी शेतकऱ्यापर्यंत सरासरी पंधरा-सोळा सेंट पोचतात. बाजारात थेट विकले की जवळजवळ सगळा डॉलर त्याच्या हातात पडतो. त्यातून वाहतूक आणि गाळ्याचे भाडे गेले तरी फरक मोठा राहतो. सार्वजनिक पैसा एकदाच खर्च व्हावा आणि दोन घरांत चूल पेटावी, हा बाजाराचा फायदा सुपरमार्केट देऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट बाजारातच घडते. स्नॅपच्या पैशांतून अन्न देणारी बियाणे आणि रोपेही घेता येतात, ही सवलत १९७३ पासून आहे. टोमॅटोचे रोप विकणारा शेतकरी ते कसे वाढवायचे हेही सांगतो.

बाजार गरिबापासून दूर असतो ही तक्रारही खरी, पण तो दूर असलाच पाहिजे असे नाही. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराचा शेतकरी बाजार २०१४ मध्ये शहराच्या मध्यभागी, बसस्थानकासमोर हलवला गेला. पुढच्या वर्षी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मुलांचा दवाखाना आला. नळाच्या पाण्यातून शिसे मुलांच्या पोटात जात आहे हे उघडकीला आणणाऱ्या डॉ. मोना हाना-अतिशा याच दवाखान्यातल्या. लोह, कॅल्शियम आणि ‘क’ जीवनसत्त्व पुरेसे मिळाले तर शरीरात शिसे कमी शोषले जाते. त्यामुळे तिथले डॉक्टर मुलांना फळा-भाज्यांची चिठ्ठी लिहून देऊ लागले, आणि ती चिठ्ठी घेऊन आईने जिना उतरून खाली बाजारात जायचे. जागा विचार करून निवडली की अंतराचा प्रश्न बराचसा सुटतो.

नुसते दुकान जवळ आणून भागत नाही हेही लक्षात घ्यायला हवे. अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की श्रीमंत आणि गरीब कुटुंबांच्या आहारातल्या तफावतीपैकी जेमतेम दहा टक्के भाग जवळ काय मिळते यावर अवलंबून आहे. काही जण यावरून असा निष्कर्ष काढतात की गरिबांना भाजी नकोच आहे. मी वेगळा अर्थ लावतो. आवड ही पैशाच्या सवयीतून घडते, आणि वर्षानुवर्षे भाजी टाळायला लागलेल्या घरात एका नव्या दुकानाने आवड बदलणार नाही. म्हणूनच किमतीवरची मदत सलग हवी, एका हंगामापुरती नको.

सध्या वारे उलट दिशेने वाहत आहेत. जुलै २०२५च्या कायद्याने स्नॅपच्या खर्चात दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलरची कपात होईल असा संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. कामाची अट ६४ वर्षांपर्यंतच्या माणसांना लागू झाली. स्वयंपाक आणि पोषण शिकवणाऱ्या स्नॅपच्याच उपक्रमाचा निधी बंद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झाल्याने कार्डांत वेळेवर पैसेच जमा झाले नाहीत. त्याच वर्षी नेब्रास्कापासून सुरुवात होऊन एकामागून एक राज्यांनी स्नॅपच्या पैशांतून शीतपेये घेण्यावर बंदीची परवानगी मिळवली. साखरेच्या पाण्याची बाजू मला घ्यायची नाही. पण ज्याच्या हातातून एक वस्तू काढून घेतली त्याच्या हातात दुसरी ठेवली नाही, तर त्याला पोषण म्हणता येत नाही.

पैशाचा हिशेबही मांडून पाहावा. स्नॅपवर २०२४ मध्ये सुमारे १०० अब्ज डॉलर खर्च झाले. २०१८च्या कायद्याने फळा-भाज्यांच्या प्रोत्साहनाला पाच वर्षांत दिलेले २५ कोटी म्हणजे वर्षाला सरासरी पाच कोटी. स्नॅपच्या दर हजार डॉलरमागे पन्नास सेंट. शिवाय ते मिळवायला संस्थांना तितकीच रक्कम स्थानिक पातळीवर उभी करावी लागते, म्हणजे ज्या भागात देणगीदार नाहीत, बहुधा तोच भाग मागे राहतो. ही अट आधी काढली पाहिजे. मग रक्कम हळूहळू वाढवत हा खर्च स्पर्धेच्या अनुदानातून काढून स्नॅपच्या कायमच्या तरतुदीत न्यावा. हॅम्पडेनसारखी दर डॉलरमागे ३० सेंटपासून सुरुवात केली तरी चालेल, पण ती सगळ्यांसाठी असावी. बाजारात थेट शेतकऱ्याकडून घेतले तर पूर्ण दुप्पट.

हे तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही असे आता म्हणता येत नाही. मॅसॅच्युसेट्सने ते करून दाखवले आहे, आणि २०२३ मध्ये कृषी खात्याने कोलोराडो, लुईझियाना आणि वॉशिंग्टन या राज्यांना हे जादा पैसे थेट कार्डात जमा करण्यासाठी मिळून अडीच कोटी डॉलर दिले. २०१८च्या शेती कायद्याची मुदत २०२३ मध्येच संपली असून तो मुदतवाढीवर चालला आहे. पुढचा कायदा लिहिताना त्यात जागा मागायची ती तीन गोष्टींसाठी: स्थानिक निधीची अट रद्द, जादा पैसे सगळ्या राज्यांत त्याच कार्डात, आणि मैदानात भरणाऱ्या प्रत्येक मान्यताप्राप्त बाजाराला सरकारी खर्चाने चालणारे यंत्र.